गोचीड चावल्यानंतर लाइमचे जिवाणू ओळखायचे कसे: नमुन्यापासून अहवालापर्यंत

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातून, भीमगडच्या कडेच्या गवळीवाड्यांतून किंवा पलीकडच्या चंदगडमधून तापाचा रुग्ण बेळगावात येतो, तेव्हा कधी कधी त्याच्या हातात ‘लाइम आयजीएम पॉझिटिव्ह’ असा अहवाल आधीच असतो (आयजीएम म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला रक्तात येणारी प्रतिपिंडे). चाचणी केव्हा केली, गोचीड केव्हा चावली, ती कोणत्या जातीची होती आणि अंगावर चट्टा होता का, यांपैकी काहीही त्या कागदावर नसते. या चार गोष्टींशिवाय तो अहवाल जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि त्याच्या भरवशावर महिनाभर औषधे घेणारी माणसे मी पाहिली आहेत. उलट, चावल्यानंतर तिसऱ्याच दिवशी रक्त देऊन ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निर्धास्त झालेलेही पाहिले आहेत. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: तारीख न पाहता केलेली तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, आशा कार्यकर्त्या आणि घरातली जाणती माणसे या सर्वांना उपयोगी पडावा, अशा बेताने हा क्रम लिहिला आहे.

सुरुवातीआधी: आपल्या भागात आधी काय शोधायचे

लाइम हा बोरेलिया बर्गडॉर्फेरी आणि तिच्या जवळच्या जातींमुळे होणारा आजार आहे. हे जिवाणू इक्सोडिस वंशाच्या गोचिडी पसरवतात. अमेरिका, युरोप आणि उत्तर आशियाचा थंड पट्टा हे त्यांचे मुख्य क्षेत्र. भारतात इक्सोडिस प्रामुख्याने हिमालयाच्या रांगांत आढळते आणि लाइमची नोंद तुरळक आहे. आपल्या घाटातल्या जंगलात माणसाला चावणारी महत्त्वाची गोचीड हीमाफायसॅलिस वंशाची असते, आणि तिच्यातून येणारा मोठा धोका माकडतापाचा म्हणजे क्यासनूर वन रोगाचा आहे. तो विषाणूचा आजार आहे, जिवाणूचा नाही. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत आणि लाइमच्या कोणत्याही चाचणीत तो दिसत नाही.

म्हणून डिसेंबर ते मे या काळात, जंगलात किंवा काजूच्या बागेत गेलेल्या माणसाला गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर लाइमचा विचार बाजूला ठेवून माकडतापाची तपासणी आधी करावी. दुसरा विचार रिकेट्सियाच्या, म्हणजे पेशींच्या आत वाढणाऱ्या बारीक जिवाणूंच्या, तापांचा करावा. त्यांत गोचिडीमुळे होणारा भारतीय टिक टायफस येतो. स्क्रब टायफस गोचिडीमुळे नव्हे, तर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या अळीमुळे होतो, पण रुग्ण दोन्ही वेळी ‘किडा चावला’ एवढेच सांगतो.

सावधान: ताप असताना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणे, गुंगी, बडबड किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही दिसल्यास ही पायरीवार तपासणी करत बसू नये. रुग्णाला थेट रुग्णालयात हलवावे आणि जंगलात गेल्याची माहिती पहिल्या वाक्यात सांगावी.

पायरी १: गोचीड काढणे

टोकदार चिमटा घ्यावा, गोचिडीला कातडीच्या अगदी लगत, म्हणजे तिच्या तोंडाशी धरावे आणि झटका न देता, न पिळता, सरळ वर ओढत राहावे. पकड सुटत नाही असे वाटले तरी हात स्थिर ठेवावा, काही सेकंदांत ती सुटते. चिमटा नसेल तर हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी बोटांना गुंडाळून काढावी. नंतर जागा साबणाने किंवा स्पिरिटने धुवावी. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईने उकरू नये, तो आपोआप बाहेर पडतो.

रॉकेल, चुना, तंबाखूचे पाणी, पेटती काडी किंवा व्हॅसलीन यांपैकी काहीही लावू नये. आपल्याकडे ही सवय जुनी आहे आणि घरातली मोठी माणसे मायेनेच सांगतात, हे मला ठाऊक आहे. पण त्रासलेली गोचीड आपली लाळ आणि पोटातले द्रव जखमेत सोडू शकते, आणि जिवाणू असतात ते तिथेच. शिवाय चुरगळलेली किंवा भाजलेली गोचीड ओळखण्याच्याही कामाची राहत नाही.

सावधान: गुरांच्या अंगावरची गोचीड नखावर चिरडण्याची पद्धत टाळावी. बोटाला लहानशी भेग असली तरी आतला द्रव तिच्यातून शरीरात जाऊ शकतो.

पायरी २: गोचीड टिकवणे आणि तारीख लिहिणे

बहुतेक वेळा चूक इथेच होते, कारण काढलेली गोचीड चुलीत जाते. एकदा एका वाड्यावरच्या आजींनी नातवाच्या गुडघ्यामागून काढलेली गोचीड लुगड्याच्या पदराला गाठ मारून आणली होती. तिळापेक्षा किंचित मोठी, कोरडी पण अखंड. भिंगाखाली तिचे आठही पाय आणि तोंडाची ठेवण स्वच्छ दिसली. त्याच आठवड्यात एका सुशिक्षित घरातून डेटॉलच्या बाटलीत बुडवून आणलेली गोचीड आली. ती फुगून तिचे पाय गळाले होते. काय वापरले यापेक्षा नमुना अखंड राहिला की नाही, याला महत्त्व आहे.

फक्त ओळख आणि पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) करायची असेल तर छोट्या झाकणबंद बाटलीत ७० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणाचे इथेनॉल घालून त्यात गोचीड ठेवावी. फॉर्मेलिनमध्ये ठेवू नये, त्याने डीएनए खराब होतो आणि पुढची चाचणी हातची जाते. जिवाणूंची वाढ करून पाहायची असेल तर मात्र गोचीड जिवंत लागते. तेव्हा बाटलीत किंचित ओला कापूस ठेवून ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सुमारे ४ अंशांवर ठेवावी. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नये.

बाटलीवर पेन्सिलीने पाच गोष्टी लिहाव्यात: काढल्याची तारीख, ती बहुधा केव्हा चिकटली असावी, शरीराचा भाग, गाव आणि जागा (जंगल, काजूची बाग, गोठा, घर), आणि गेल्या महिन्याभरातला प्रवास. शाईचा पेन वापरू नये, इथेनॉलचा थेंब पडला की अक्षरे पुसतात.

प्रवासाचा प्रश्न आपल्या भागात कधीच वगळू नये. रजेवर गावी आलेला जवान महिन्यापूर्वी हिमाचल किंवा अरुणाचलमध्ये तैनात असू शकतो आणि घरातली मुलगी नुकतीच जर्मनीहून परतलेली असू शकते. लाइमची खरी शक्यता आपल्याकडे बहुधा अशाच माणसांत असते.

तपासून पाहा: केसपेपरवर नेमका कोणता शब्द पडला आहे? रुग्ण मराठीत ‘गोचीड’ म्हणतो, नोंद करणारे कन्नडमध्ये ‘हुळ’ लिहितात आणि प्रयोगशाळेच्या अर्जावर त्याचे ‘कीटकदंश’ होते. ‘हुळ’ म्हणजे कोणताही किडा. गोचिडीला कन्नडमध्ये ‘उण्णी’ म्हणतात, तोच शब्द लिहून घ्यावा. या एका शब्दावर पुढची सगळी दिशा ठरते.

पायरी ३: गोचिडीचा वंश ओळखणे

दहापट मोठे दाखवणारे भिंग किंवा साधा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप पुरतो. आधी पाय मोजावेत. सहा पाय असतील तर ती अळी, आठ असतील तर निम्फ (अळी आणि प्रौढ यांच्यामधली अवस्था) किंवा प्रौढ. नंतर तिला उताणी करून गुदद्वाराजवळची खाच पाहावी. खाच गुदद्वाराच्या पुढून कमानीसारखी वळलेली असेल तर ती इक्सोडिस. इतर वंशांत ही खाच मागच्या बाजूने जाते किंवा नसतेच. लाइमच्या दृष्टीने एवढी एक खूण सर्वांत मोलाची आहे.

बाकीच्या खुणा पडताळ्यासाठी आहेत. हीमाफायसॅलिसला डोळे नसतात, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंची स्पर्शके आखूड असून बाहेरच्या बाजूला कोपरासारखी फाकलेली दिसतात. कुत्र्यावरची तांबूस गोचीड आणि गुरांवरची नेहमीची गोचीड या दोन्ही रिपिसेफॅलस वंशातल्या, आणि त्यांच्या डोक्याचा पाया वरून षटकोनी दिसतो. लांब तोंड आणि पट्टेदार पाय असलेली मोठी गोचीड बहुधा हायलोमा असते.

इक्सोडिस नसेल तर लाइमची शक्यता जवळजवळ मिटते आणि पुढची तपासणी माकडताप व रिकेट्सिया यांच्याकडे वळवावी. इक्सोडिस असेल तर ती किती फुगली आहे तेही पाहावे. लाइमचे जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतात आणि तिथून लाळेत यायला त्यांना वेळ लागतो, म्हणून संसर्गासाठी ती साधारणपणे २४ तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते. चपटी, न फुगलेली गोचीड लवकर निघाली असेल तर धोका फार कमी.

सावधान: गोचिडीत जिवाणू सापडले म्हणजे माणसाला आजार झाला असे ठरत नाही, आणि त्याच्या उलटही तसेच. त्या माणसाला न दिसलेली दुसरी गोचीडही चावलेली असू शकते. गोचिडीच्या अहवालावरून उपचार ठरवू नयेत.

पायरी ४: कातडी पाहणे

लाइमच्या सुरुवातीच्या टप्प्यात चट्टा हाच सर्वांत विश्वासाचा पुरावा असतो. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवड्याच्या आसपास, चावलेल्या जागेभोवती लाली उमटते आणि दिवसागणिक पसरत ५ सेंटिमीटरहून मोठी होते. तिला सहसा खाज नसते आणि ती फारशी दुखतही नाही. मध्ये पांढरे व भोवती वर्तुळ असे चित्र सगळीकडे छापलेले असते, पण पुष्कळ रुग्णांत चट्टा एकसारखाच लाल असतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट किंवा मार लागल्यासारखा दिसतो, आणि कंदिलाच्या किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडात तर नजरेतून सुटतोच. रुग्णाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहावे. काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कमरेचा पट्टा आणि केसांतली कातडी पाहिल्याशिवाय ‘चट्टा नाही’ असे लिहू नये.

चट्ट्याच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढून तारीख लिहावी आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. चावल्यानंतर ४८ तासांच्या आत आलेली, खाजणारी, ५ सेंटिमीटरहून लहान लाली रेघेच्या बाहेर न जाता ओसरत असेल तर ती गोचिडीच्या लाळेची प्रतिक्रिया आहे, संसर्ग नाही. या एका रेघेने कितीतरी अनावश्यक चाचण्या वाचतात.

काळी, न दुखणारी, सिगारेटच्या चटक्यासारखी खपली दिसली तर तो लाइम नाही. तेव्हा स्क्रब टायफस किंवा टिक टायफस समजावे. तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर टिक टायफसचा संशय पक्का करावा. या दोन्ही तापांत डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळणे हा जिवाचा प्रश्न असतो, त्यामुळे डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता ते सुरू करावे.

तपासून पाहा: इक्सोडिसच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला असा पसरणारा चट्टा असेल, तर निदान तिथेच होते. रक्तचाचणी ‘खात्रीसाठी’ करू नये, कारण या टप्प्यात निम्म्याहून अधिक रुग्णांत ती निगेटिव्ह येते आणि योग्य उपचार थांबतात.

पायरी ५: नमुना योग्य नळीत, योग्य दिवशी घेणे

प्रतिपिंडांच्या चाचणीसाठी साध्या, लाल झाकणाच्या नळीत रक्त घ्यावे, अर्धा तास गोठू द्यावे, सीरम (गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव) वेगळे करून थंड ठेवावे. नळी हलवत, मोटरसायकलच्या डिकीत घालून घाटातून आणलेले रक्त फुटते आणि लालसर सीरमवर चाचणी नीट होत नाही. सीरम केंद्रावरच वेगळे करून मगच पाठवावे.

पीसीआरसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी वापरावी. हिरव्या झाकणाच्या नळीतले हेपरिन पीसीआरला अडवते. एका रुग्णाचा सांध्यातला द्रव मी स्वतः घाईत हेपरिनच्या नळीत घेतला होता आणि तो वाया गेला. त्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, ते मला आजही टोचते.

कुठला नमुना घ्यावा यातही चूक होते. लाइमच्या पीसीआरसाठी रक्त हा कमकुवत नमुना आहे, कारण जिवाणू रक्तात थोडे आणि थोडाच वेळ असतात. चट्टा असेल तर त्याच्या पसरणाऱ्या कडेवरून घेतलेला कातडीचा छोटा तुकडा, आणि गुडघा सुजला असेल तर सांध्यातला द्रव, हे नमुने चांगले. पाठीच्या कण्यातल्या द्रवाचा पीसीआर बहुतेकदा निगेटिव्ह येतो. मज्जासंस्थेचा त्रास असेल, उदाहरणार्थ एकाएकी चेहरा वाकडा झाला असेल, तर तो द्रव आणि सीरम एकाच दिवशी घेऊन दोन्हींतली प्रतिपिंडे तोलून पाहावी लागतात.

सावधान: माकडतापाचा संशय असलेले रक्त कोणत्याही खाजगी प्रयोगशाळेत पाठवू नये. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फतच ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जावे. शिवमोग्ग्याची विषाणू निदान प्रयोगशाळा आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हे काम करतात. नमुना तिहेरी वेष्टनात, बर्फासह पाठवावा. तापाच्या पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर आणि पुढे आयजीएम, असा क्रम तिथेही तारखेवरच ठरतो.

पायरी ६: चाचण्यांचा क्रम

लाइमची रक्तचाचणी दोन टप्प्यांची असते. पहिला टप्पा एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे मोजणारी चाचणी. तो निगेटिव्ह असेल तर तिथेच थांबावे. पॉझिटिव्ह किंवा काठावरचा असेल तरच त्याच सीरमवर दुसरा टप्पा करावा, वेस्टर्न ब्लॉट (जिवाणूच्या कोणत्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे आहेत ते पट्ट्यांनी दाखवणारी चाचणी) किंवा वेगळ्या प्रकारची दुसरी एलायझा. एलायझा वगळून थेट ब्लॉट करणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि त्यात खोटे पॉझिटिव्ह फार येतात.

ब्लॉटवर आयजीएमसाठी तीनपैकी किमान दोन पट्टे लागतात: २३ ते २४, ३९ आणि ४१ किलोडाल्टनचे (हे प्रथिनाच्या वजनाचे माप). आयजीजीसाठी, म्हणजे नंतर येऊन टिकणाऱ्या प्रतिपिंडांसाठी, दहापैकी किमान पाच. ४१चा एकटा पट्टा पाहून घाबरू नये. तो जिवाणूच्या शेपटीसारख्या तंतूंतल्या प्रथिनाचा असतो आणि तसे प्रथिन इतर अनेक जिवाणूंत असते. लक्षणे सुरू होऊन ३० दिवस उलटले असतील तर नुसते आयजीएम धरू नये. तोपर्यंत खऱ्या संसर्गात आयजीजी यायलाच हवे.

किट कोणत्या जातीसाठी बनवले आहे हेही विचारावे. अमेरिकेत बोरेलिया बर्गडॉर्फेरी मुख्य आहे, तर युरोप आणि आशियात बोरेलिया अफझेली व बोरेलिया गॅरिनी अधिक. नुसत्या अमेरिकी जातीवर बेतलेला ब्लॉट जर्मनीहून आलेल्या रुग्णात चुकू शकतो. व्हीएलएसई (जिवाणूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन) किंवा त्याचा तुकडा असलेल्या सी-सिक्स पेप्टाइडवर आधारलेली एलायझा या जातींना अधिक सामावून घेते.

सूक्ष्मदर्शकाबद्दल थोडक्यात. डार्क-फील्डखाली, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर वस्तू उजळ दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, हे जिवाणू बारीक, सैल मळसूत्रासारखे, साधारण १० ते ३० मायक्रोमीटर लांब आणि वळवळणारे दिसतात. ग्रॅम रंगात ते नीट उमटत नाहीत. गोचिडीच्या आतड्याच्या स्लाइडवर त्यांचा शोध घेता येतो, पण रुग्णाच्या रक्ताच्या स्लाइडवर ‘स्पायरोकीट (मळसूत्री जिवाणू) दिसले’ असा अहवाल लाइमसाठी मान्य करू नये. फायब्रिनचे धागे आणि तुटलेल्या पेशींचे तुकडे अगदी तसेच दिसतात आणि अनुभवी डोळाही फसतो. जिवाणूंची वाढ करायची तर बारबर-स्टोनर-केली माध्यम, ३० ते ३४ अंश तापमान आणि कित्येक आठवड्यांचा धीर लागतो. ते संशोधनाचे काम आहे, रुग्णाच्या निदानाचे नाही.

पायरी ७: अहवाल वाचणे

आपल्या भागात पॉझिटिव्ह अहवाल खोटा का ठरतो, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, १,००० तापाच्या रुग्णांत लाइमचे दोनच आहेत आणि चाचणी लाइम नसलेल्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. मग खरे दोन आणि खोटे सुमारे ५० असे एकूण ५२ जण पॉझिटिव्ह येतील. ज्याच्या हातात कागद आहे, तो त्या ५० जणांतला असण्याचीच शक्यता फार मोठी. म्हणून प्रवास नाही, इक्सोडिस नाही, चट्टा नाही, सांध्याची, मज्जासंस्थेची किंवा हृदयाची लक्षणे नाहीत, अशा माणसाची चाचणी मुळातच करू नये. नुसता थकवा आणि अंगदुखी हे चाचणीचे कारण नव्हे.

पॉझिटिव्ह आल्यास लेप्टोस्पायरोसिस आणि सिफिलिस या दोन्हींची तपासणी आधी करावी, कारण तेही मळसूत्री जिवाणूंचेच आजार आहेत आणि त्यांची प्रतिपिंडे लाइमच्या चाचणीत गोंधळ घालतात. भातलावणीत चिखलात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत लेप्टो विसरणे अक्षम्य आहे. संधिवात आणि ल्युपसमध्येही खोटा पॉझिटिव्ह येतो.

निगेटिव्ह आल्यास रक्त कोणत्या दिवशी घेतले होते ते पाहावे. पहिल्या दोन आठवड्यांतला निगेटिव्ह काहीच सांगत नाही. संशय टिकून असेल तर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा आणि पहिला जपून ठेवलेला सीरम व दुसरा, दोन्ही त्याच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, त्याच किटवर तपासून घ्यावेत. वेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळवू नयेत. लवकर प्रतिजैविक दिले असेल तर प्रतिपिंडे चढतही नाहीत, म्हणून औषध सुरू केल्याची तारीखही अर्जावर लिहावी.

उपचार पूर्ण झाल्यावर ‘आजार गेला का’ हे पाहण्यासाठी प्रतिपिंडांची चाचणी पुन्हा करू नये. आयजीजी आणि कधी कधी आयजीएमसुद्धा बरे झालेल्या माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे राहतात. रुग्णाला तेव्हाच सांगून ठेवावे की हा कागद पुढेही पॉझिटिव्हच येऊ शकतो, आणि जुना अहवाल फाइलमध्ये तारखेसह ठेवायला सांगावे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याच तापात कोणी त्यावर नव्याने औषधे सुरू करणार नाही.